बाबांची पकड, माझं टेबल आणि 'हे सगळं कशासाठी?'

कवडसा

गेल्या श्रावणात बाबा गेले. ते वीज मंडळात लाइनमन होते. १९७४ ला हेल्पर म्हणून लागले आणि साताऱ्याच्या डोंगराळ भागात सगळी नोकरी काढली. तेराव्याला एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. आमच्यापैकी कुणी तिला ओळखत नव्हतं. ती आईशेजारी बसली आणि म्हणाली, "आमच्या वाडीत पयला दिवा ह्यांनी लावला. खांब आमच्या माणसांनी खांद्यावरनं वर नेलं, तारा ह्यांनी वढल्या. त्या रातीला आमी जेवलोबी न्हाई, दिव्याकडंच बघत बसलो." चहा घेतला आणि गेली. नाव विचारायचंही राहून गेलं.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागत नाही.

मी ठाण्यात आरोग्य विम्याचे दावे तपासते. सोळा वर्षं झाली. दिवसाला पस्तीस-चाळीस फायली होतात. डिस्चार्ज समरी, बिलं, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट. कागद कमी पडला की क्वेरी काढायची, पॉलिसीत बसत नसेल तर नामंजुरीची शिफारस करायची आणि पुढची फाइल उघडायची. क्वेरी गेली की माझ्या नावावरचं मुदतीचं घड्याळ थांबतं. त्यामुळे सगळ्यांना एक सवय लागली आहे: चार कागद कमी असले तरी आधी एकच मागायचा. तो आला की दुसरा. मीही तेच करत आले आहे. नियमात बसतं, महिन्याचे आकडे चांगले दिसतात, आणि तिकडे कुणाचे तरी पैसे दोन-दोन महिने अडकतात. सोळा वर्षांत अशा किती क्वेरी काढल्या असतील, याचा विचार आता रात्री येतो.

बाबांची पकड मी ठाण्याला घेऊन आले. मुठींवर सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली आहे आणि जिथे अंगठा टेकायचा तिथलं रबर झिजून तुळतुळीत झालं आहे. त्या जागी माझा अंगठा ठेवला तर दोन बाजूंनी जागा उरते.

पगाराची तक्रार नाही. मुलगी नववीत आहे, घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. तरी नोकरी सोडून काहीतरी खरं काम करावं असं रोज वाटतं. तुम्हाला तुमच्या कामाचं प्रयोजन कसं सापडलं? सापडलं नसेल तर दिवस कसे काढता? खरं लिहा, बरं वाटावं म्हणून लिहू नका.

रानवाट

म्हातारीचं वाचून डोळे भरले. माझ्याकडे उत्तर नाही, पण प्रश्न अगदी माझाच आहे. वाचतेय.

जुना खांब

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. मीही लाइनमन होतो. निम्मी नोकरी मंडळात झाली आणि २००५ ला मंडळाचं विभाजन झाल्यावर उरलेली महावितरणमध्ये.

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. लाइनमनला रोज असं काही वाटत नसतं. खांबावर चढताना डोक्यात एवढंच असतं: शटडाउन मिळालाय ना, एबी स्विच (लाइन तोडायचा खांबावरचा स्विच) स्वतः उघडून बघितला ना, तारेला अर्थिंग केलं ना. यातलं एक चुकलं की माणूस खाली येतो तो प्रेत होऊनच. माझ्या डोळ्यांदेखत दोघे गेले. पहिला दिवा लावायचा योग वर्षातून एखाद्या वेळी. बाकी तीनशे दिवस डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज उडाला, जंपर म्हणजे जोडतार तुटली, पावसात फांदी तारेवर पडली, हेच. रात्री दोनला जायचं आणि वर 'एवढा वेळ का लागला' म्हणून शिव्या खायच्या. दिवा लावायला गेलेला माणूस शिव्या खाऊन घरी येतो, हे तुमच्या आईंना विचारा, त्या सांगतील.

पण मी एक करायचो. फ्यूज घातला, लाइन चालू झाली की लगेच सायकलवर टांग टाकायचो नाही. गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, म्हणजे डीपीजवळ, पाच मिनिटं उभा राहायचो. एकेक घर उजळायचं, कुठं रेडिओ लागायचा, पोरं एकदम 'आली रे' म्हणून ओरडायची. ते कानावर पडलं की मग निघायचो. माझ्या जोडीदाराला ते वेळ घालवणं वाटायचं. मला त्याशिवाय पाय उचलायचा नाही.

तुमच्या टेबलावरून ती घरं दिसत नाहीत. माझ्या मते तुमचं दुखणं तिथं आहे. दावा पास झाला की कुणाच्या तरी घरात लाइन चालूच होते की. तुम्हाला फक्त डीपीजवळ थांबायला मिळत नाही.

मोडनिंबकर

वा, जुना खांब! आमचं गाव अरणपासून हाकेच्या अंतरावर आहे. सावता माळी तिथलेच. १२९५ साली त्यांनी देह ठेवला. मळ्यात राबणारा माणूस, पंढरपूर एवढं जवळ असूनही वारीला गेला नाही, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाटाचं पाणी आणि भाजीचे वाफे हीच त्यांची पूजा. म्हणून आजही त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. देव भक्ताकडे चालत येतो, तोही मळ्यात.

लहानपणी ही नुसती गोष्ट वाटायची. आता डाळिंबाची बाग मीच बघतो. तेल्या रोगानं एकदा अख्खी बाग काढावी लागली, तेव्हा माणूस कामाकडे कुठल्या नजरेनं बघतो ते कळलं. कवडसाताई, वाट्याला आलेलं काम मनापासून करणं हाच स्वधर्म, असं ज्ञानोबांपासून आपल्याकडे सांगत आले आहेत. तुमच्या वाट्याला फायली आल्या आहेत. फाइल हाच तुमचा मळा.

नवी पायवाट

मोडनिंबकर, सावतोबांबद्दल मलाही आदर आहे. पण 'वाट्याला आलेलं काम' हे शब्द माझ्या घरात वेगळे ऐकू येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे आजोबा महार वतनदार. वतन म्हणजे गावकीची कामं: दवंडी पिटायची, परगावी सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढे चालायचं. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. मोबदला म्हणजे बलुतं आणि तुकडाभर इनाम जमीन. हे काम त्यांच्या वाट्याला कुणी आणलं? त्यांना तरी कुणी विचारलं होतं का? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं आणि वतनाचा हा फास सोडा, असं आपल्या माणसांना सांगत राहिले. कायद्यानं ही वतनं रद्द व्हायला १९५८ उजाडलं. 'हेच तुमचं विहित कर्म' असं सांगून माणसाला बांधून ठेवता येतं, हे आमच्या घरानं अंगावर काढलं आहे.

आता पुढचं. माझे वडील पोस्टमन झाले. म्हणजे बघा, आजोबांनी सांगावे पोचवले आणि वडिलांनीही सांगावेच पोचवले. पायपीट तीच, ऊन तेच, गावंही तीच. पण वडिलांना पगार होता, खाकी गणवेश होता, रविवारची सुट्टी होती, आणि नको वाटलं तर राजीनामा द्यायची मुभा होती. ज्या ओट्याखाली आजोबा उभे राहायचे, त्या ओट्यावर बसून वडिलांनी म्हाताऱ्यांना मनीऑर्डरीचे पैसे मोजून दिले, मुंबईच्या मुलांची पत्रं वाचून दाखवली, उत्तरं लिहून दिली. निवृत्त झाल्यावरही लोक कागद वाचून घ्यायला आमच्याकडे यायचे. वडील आपल्या कामाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आजोबा त्यांच्या कामाबद्दल कधीच एक शब्द बोलले नाहीत.

कामात अर्थ सापडायला आधी ते काम नाकारायची सोय असावी लागते. म्हणून कवडसाताई, सोडून जावंसं वाटतंय यात अपराधी वाटून घेऊ नका. सोडता येतं हे पक्कं ठाऊक असू द्या, मग राहायचं की जायचं ते ठरवा.

मोडनिंबकर

नवी पायवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या लिहिण्यात हे आलंच नव्हतं आणि यायला हवं होतं. सावतोबांचा मळा त्यांचा स्वतःचा होता, हे मी विसरलो.

बाभूळबन

मी एमबीबीएसनंतर एक वर्ष गडचिरोलीत काम केलं, त्यामुळे थोडं लिहितो. 'निर्माण'च्या शिबिरात हाच प्रश्न घेऊन गेलो होतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तरुणांसाठी २००६ मध्ये हा उपक्रम सुरू केला. मला वाटलं होतं, तिथं कुणीतरी माझी आवड शोधून देईल. तिथं उलटाच प्रश्न समोर आला: तुला काय आवडतं ते राहू दे, आसपास कुणाला कशाची गरज आहे?

बंग दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यात नवजात बाळं मरत होती आणि दवाखाना लांब होता. मग गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना त्यांनी बाळ तपासायला, त्याला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांमधलं हे काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता. सुरुवात कुठून झाली बघा: गावातल्या मृत्यूंची एकेक नोंद करण्यापासून. आधी मोजलं, मग त्या आकड्यानं त्यांना जागचं हलू दिलं नाही.

माझं सांगायचं तर मी वर्ष संपल्यावर परत आलो. आता लातूरला दवाखाना चालवतो. तिथं राहिलो नाही याची खंत आहे, पण पेशंटची नोंद ठेवायची सवय लागली ती लागलीच. ताई, तुम्हीही मोजा. तुमच्या टेबलावरून गेलेल्या किती फायली एकाहून जास्त क्वेरींत अडकल्या, एवढं एका महिन्याचं काढा.

इंद्रायणीकाठ

बाभूळबन डॉक्टर, तुम्ही जे लिहिलंत तेच आज आम्ही आशा सेविका देशभर करतोय. दवाखान्यात बाळंतपण झालं की ४२ दिवसांत सहा वेळा घरी जायचं, घरीच झालं तर सात वेळा. बाळाला झोळीत घालून काट्याला लावायचं, ताप बघायचा, घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा. साठच्या वर गेला की मी सगळं टाकून गाडी बोलावते. मागच्या पावसाळ्यात एका बाळाचा ७२ भरला. खात्री करायला परत मोजला, परत ७२. सासू म्हणत होती, उद्या बघू. मी उंबऱ्यात बसून राहिले, गाडी येईपर्यंत उठले नाही. ते पोरगं आता रांगतंय.

मला प्रयोजन शोधावं लागलं नाही. माझं दुखणं दुसरं आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून कागदावर आम्ही 'स्वयंसेविका' आहोत. कामागणिक मोबदला मिळतो, तोही कधी वेळेवर, कधी नाही. संपावर बसलो की लोक म्हणतात, तुमचं तर सेवेचं काम, तुम्ही पैशासाठी कशा बसता? ज्या कामात जीव लागतो त्याच कामाचे पैसे मागायला बाईला लाज वाटावी, ही कुठली रीत? या धाग्यावर सगळे अर्थाबद्दल इतकं मनापासून लिहिताय म्हणून सांगावंसं वाटलं. कवडसाताई, पगार बरा आहे म्हणालात. ती लहान गोष्ट नाही. तिला नाक मुरडू नका.

रानवाट

इंद्रायणीकाठ, तुमचा प्रतिसाद आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

दूरदेशी

जर्मनीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करतो. चांगलं काम आहे, चोख करतो आणि पाचला बंद करतो. माझा जीव शनिवारच्या मराठी वर्गात आहे. अकरा मुलं आहेत, 'ळ' म्हणायला शिकवतो. नोकरीतच सगळं मिळायला हवं असा हट्ट का धरायचा?

धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १८९१ ते १९१४ ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी पायी हिंगणं, तिथं मुलींना शिकवायचं आणि सकाळी परत कॉलेज. नोकरी सोडली नाही, तिच्याच जोरावर दुसरं काम उभं केलं. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये निघालं, म्हणजे निवृत्तीनंतर.

शेवंती

दूरदेशी, कर्व्यांच्या त्या पायपिटीमागे संसाराची ओढाताण त्यांच्या पत्नी बाया कर्व्यांनी सोसली, तेही लिहायला हवं. प्रयोजन एकाचं असतं आणि त्याची किंमत घरातलं दुसरंच कुणी मोजत असतं, हे फार घरांत बघितलंय. कवडसाच्या घरी तर मुलगी नववीत आहे.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, नाशिकला. बारा वर्षं झाली. आमच्याकडे पेशंट बरा होऊन घरी जात नाही, हे आधी समजून घ्या. तोच माणूस आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो, चार-चार तास मशीनला असतो, वर्षानुवर्षं. नवीन मुलं नोकरीला लागतात ती सहा महिन्यांत विचारतात, आपण करतो त्यानं होतं काय?

सुई टोचायच्या आधी मी फिस्टुलावर हात ठेवते. हाताच्या शिरेची धमनीशी गाठ मारलेली असते तिथं रक्त इतक्या जोरानं वाहतं की बोटांखाली थरथर लागते, मांडीवरचं मांजर गुरगुरतं ना, अगदी तशी. ती लागली की मला कळतं, आज सगळं ठीक आहे. आमचे एक काका सोमवार-गुरुवारचे होते, रिक्षा चालवायचे. एका गुरुवारी हात ठेवला तर काही लागेना. कान लावला, आवाज नाही. ते म्हणत होते, 'बेटा, घाल सुई, चार वाजता शाळेची पोरं सोडायचीत.' मी नाही घातली. डॉक्टरांना बोलावलं, फिस्टुला बंद पडत होता, त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि वाचला. पोरांना त्या दिवशी दुसऱ्या रिक्षावाल्यानं सोडलं.

असे दिवस किती येतात? वर्षातून दोन. बाकीचे दिवस पाय दुखतात, तेवढंच. जुना खांब काकांनी लिहिलंय ते शब्दन्‌शब्द खरं आहे. पण ते दोन दिवस ओळखता येतात ते बाकीच्या तीनशे दिवसांत प्रत्येक वेळी हात ठेवला म्हणूनच. मशीनवर भरवसा ठेवून मी तो ठेवलाच नसता तर त्या गुरुवारी मला काय कळणार होतं?

आणि कवडसा, एक विनंती. आमच्याकडचे बरेच पेशंट महात्मा फुले योजनेत असतात, पण काहींची विम्याची पॉलिसी असते. त्यांची बायको नाहीतर मुलगी फाइल घेऊन माझ्याजवळ येते, 'ताई, हे इंग्रजीत काय मागितलंय?' मला सगळं कळत नाही. मी माझ्या परीनं सांगते. पंधरा दिवसांनी ती दुसरं पत्र घेऊन येते. त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला तू आहेस, हे आज कळलं. तुला लागावं म्हणून लिहीत नाही. तू आहेस हे कळून मला बरं वाटलं.

कवडसा

सहा आठवड्यांनी लिहितेय. शेवंतीताईंचा प्रतिसाद वाचला आणि काही दिवस इथं यायचं धाडसच झालं नाही.

आईला विचारलं, जुना खांब काकांनी सांगितल्याप्रमाणे. ती म्हणाली, "तुझे बाबा घरी येऊन एवढंच म्हणायचे, पाणी तापव. त्या वाडीचं मला काही ठाऊक नव्हतं. मीसुद्धा तेराव्यालाच ऐकलं." मग बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण उशिरा आले की कधी कधी चेहरा उजळलेला असायचा. मला वाटायचं, कुठं चहा-बिहा मिळाला असेल."

बाभूळबन, मी मोजलं. एका महिन्यात माझ्या टेबलावरच्या १४३ फायलींना क्वेरी गेली. त्यातल्या ५८ फायलींना दोन किंवा जास्त वेळा. या ५८ पैकी ४१ मध्ये सगळे कमी असलेले कागद मला पहिल्याच दिवशी दिसत होते. ४१ घरं. हा आकडा मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला आहे.

कॅशलेसचं काम विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानंतर तासाच्या मुदतीत करावंच लागतं, तिथं ही सवय चालत नाही. माझ्याकडे येतात ते नंतर पैसे मागणारे दावे, तिथं ढिलाई खपते. आमच्या मॅनेजरना हा आकडा दाखवला. ते खूश झाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आता माझ्या फायलींपुरती एकच क्वेरी जाते, सगळे कागद एकदम मागून. खाली मराठीत चार-पाच ओळी मी स्वतः लिहिते: कोणता कागद, तो दवाखान्यातल्या कुठल्या खिडकीवर मिळतो, त्यावर कुणाची सही लागते. वेळ जास्त जातो. गेल्या महिन्यात माझे आकडे टीममध्ये खालून दुसरे होते. नवी पायवाट, तुमचं वाक्य तेव्हा उपयोगी पडलं: सोडता येतं हे मला ठाऊक आहे, आणि अजून तरी मी राहिले आहे.

परवा पारनेर तालुक्यातल्या एका गावाहून पाकीट आलं. आमचं क्वेरीचं पत्रच परत पाठवलं होतं, कागदांच्या वर ठेवून. मराठीतल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली, पाचही. खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व जोडले आहे.' फाइल त्याच दिवशी मंजुरीला गेली. मी ते पत्र हातात धरून पाच मिनिटं बसले. काका, तुम्हाला कळेल मी कुठं थांबले होते.

पकड आता स्वयंपाकघरातल्या खणात आहे. लेक तिनं गॅसच्या शेगडीचा अडकलेला बर्नर काढते.

शेवंतीताई, डायलिसिसच्या दाव्यांना काय काय कागद लागतात त्याची मराठीत एक पानी यादी केली आहे. प्रत्येक सेशनची नोंद कशी हवी, बिलावर काय लिहिलेलं असावं, असं सगळं त्यात आहे. व्यनि (वैयक्तिक निरोप) करते आहे. तुमच्या वॉर्डात भिंतीवर लावता येईल का बघा, आणि काही चुकलं असेल तर सांगा.

शेवंती

मिळाली. अक्षर थोडं मोठं कर, आमच्या काकांना चष्म्यानंही दिसत नाही. उद्या सोमवार आहे, सकाळच्या बॅचच्या आधी लावते.